सविनय सादर, ०.३ वॅट

विजेच्या बिलाबद्दल मराठी माणसाकडे मतं भरपूर असतात आणि आकडे कमी; जे आकडे असतात ते बहुधा तारेवर टाकलेले. ही उणीव भरून काढायला बाजारात स्मार्ट प्लग आला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा प्लग खोचायचा आणि त्याच्यात फ्रिजची किंवा कूलरची पिन खोचायची. मग तो मोबाईलवरून चालू-बंद तर होतोच, शिवाय किती वॅट गेले, किती व्होल्ट आले, किती अँपिअर वाहिले आणि आजवर किती युनिट झाले हेही सांगतो. विचारल्यावर सांगतो असं नव्हे. न विचारता सांगतो, सतत सांगतो, आणि मघाशी सांगितलेलंच जरा बदलून पुन्हा सांगतो. हे सगळं ऐकून घ्यायला घरात हब नावाचा एक तळहाताएवढा डबा बसवलेला असतो. दिवे, पंखे, दाराचे सेन्सर, सगळे त्याच्याशी बोलतात आणि हुकूमही त्याच्याकडूनच घेतात. प्लग चार असतात तोवर संसार सुखाचा चालतो. प्लग वीस झाले की बटण दाबल्यावर दिवा तीन-चार सेकंदांनी लागतो, कधी लागतच नाही, आणि घरमालक आधी दिव्याला, मग बटणाला, मग इंटरनेटला आणि शेवटी रिवाजाप्रमाणे महावितरणला शिव्या देतो. त्या वेळी हब मात्र कामात गढलेला असतो. फ्रिजमागचा प्लग त्याला कळवत असतो की फ्रिजने मघाशी ११२.४ वॅट घेतले होते, आता ११२.१ घेतो आहे. माझं म्हणणं असं की या गोंधळात यंत्राचा दोष थोडा आणि अहवाल मागवायच्या आपल्या सवयीचा जास्त. आणि ते पटवून द्यायला हिंगोली जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी सापडायची नाही.

हिंगोलीत कसले आलेत स्मार्ट प्लग, हा आक्षेप लगेच येणार, आणि तो घेणाऱ्याला हिंगोलीची माहिती कमी असणार. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा वसमतची हळद, नर्सीचे नामदेव आणि औंढ्याचा नागनाथ यांच्यासाठी ओळखला जातो हे खरंच. पण इथलाच मुलगा इंजिनिअर होऊन हिंजवडीत बसतो आणि दिवाळीला घरी येताना मिठाईच्या खोक्याबरोबर सहा स्मार्ट प्लग घेऊन येतो. त्यामागे माया असते. आईने गिझर चालू ठेवून देवळात जाऊ नये, कूलरातलं पाणी संपल्यावर त्याचा पंप कोरडा फिरू नये, बोअरची मोटार टाकी भरून वाहेपर्यंत चालू नये. सुटी संपते, मुलगा जातो, प्लग राहतात. मग हिंजवडीतल्या ऐन मीटिंगमध्ये त्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं: कळमनुरीतल्या घरचा गिझर २०१३ वॅट घेतो आहे. अर्ध्या मिनिटाने पुन्हा: १९९८ वॅट. तो बाहेर येऊन फोन लावतो, "आई, गिझर चालू आहे का?" पलीकडून उत्तर येतं, "तुलाच म्हाईत असंल की रे बाबा." या उत्तरात चूक काढता येत नाही. आईच्या घरातलं आईपेक्षा मुलाला जास्त कळतं आणि त्याचा दोघांनाही उपयोग नसतो, अशी ही व्यवस्था आहे. पुढच्या दिवाळीला तो आणखी सहा प्लग आणतो, कारण माहिती अपुरी पडली असं त्याला वाटतं. वीस प्लगांचं घर एका दिवसात होत नाही, ते असं सणासणाने होतं.

जरा हिशेब मांडू. एक प्लग चार गोष्टी कळवतो; काही उत्साही प्लग पॉवर फॅक्टर आणि फ्रिक्वेन्सीही कळवतात, पण त्यांना आपण तूर्त गप्प बसवू. वीस प्लग, प्रत्येकाच्या चार गोष्टी, प्रत्येक गोष्ट सेकंदाला एकदा, म्हणजे सेकंदाला ८० निरोप. दिवसाला ६९ लाख १२ हजार. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाने, पाळण्यातल्या बाळासकट, त्या तळहाताएवढ्या डब्याला रोज जवळजवळ सहा फोन करून कळवायचं की आमच्याकडे विशेष काही नाही. हेच प्लग पाच मिनिटांतून एकदा बोलले तर निरोप होतात २३ हजार ४०. एवढे तो डबा हसत ऐकतो. अडचण फक्त डब्याच्या डोक्याचीही नाही. असे बरेच प्लग झिगबी नावाच्या पद्धतीने बोलतात. तिचा वेग कागदावर सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे वायफायच्या मानाने बैलगाडीचा, आणि वाटही बहुधा वायफायचीच, २.४ गिगाहर्ट्‌झची. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, ऐकणाऱ्याने पोच द्यायची, पोच आली नाही तर पुन्हा बोलायचं. झेड-वेव्ह नावाची दुसरी पद्धत भारतात ८६५ मेगाहर्ट्‌झच्या शांत पट्ट्यात चालते, पण तिचा जुना वरचा वेग १०० किलोबिटच. त्यात आणखी एक मेख अशी की भिंतीच्या विजेवर चालणारा प्लग दुसऱ्यांचे निरोपही पुढे पोचवतो. माडीवरच्या खोलीतला निरोप जिन्यातला प्लग उचलतो, तो बैठकीतल्या प्लगला देतो, तिथून तो हबकडे जातो. म्हणजे एकच बातमी तीनदा हवेत बोलली जाते. बडबड्या माणसालाच टपाल वाटायचं काम दिलं की दुसऱ्याच्या पत्राचं काय होतं ते सांगायला नको. वायफायवरच्या प्लगांना हब लागत नाही म्हणून ते विकत घेणारा खूश असतो. त्याच्या घरातला भार राउटर सोसतो आणि मुलांचा ऑनलाइन क्लास अडकतो, एवढाच फरक.

या प्लगचा स्वभाव ओळखीचा वाटतो, कारण आपलं सरकारी कामकाज ज्याने जवळून पाहिलं आहे त्याने त्याला टेबलामागे बसलेला पाहिलेला असतो. वरून पत्र येतं, अमुक बाबीची माहिती दर महिन्याला पाठवा, माहिती नसल्यास निरंक अहवाल पाठवा. बाब अशी असते की तिच्यातलं त्या गावात वर्षानुवर्षं काही घडत नाही. तरी ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीकडे, तिथून जिल्हा परिषदेकडे निरंक जातो, वाटेत प्रत्येक टेबलावर त्याची बेरीज होते, आणि सगळ्या शून्यांची बेरीज बिनचूक आल्याचं समाधान शेवटच्या टेबलाला मिळतं. पूर्वी हे कागदावर चालायचं तेव्हा कागदाच्या तुटवड्याने थोडा संयम होता. आता व्हॉट्‌सॲपचे ग्रुप आहेत. दुपारी तीनला मागितलेली माहिती साडेतीनला 'तात्काळ' होते, आणि ग्रुपवर ओळीने निरंक, निरंक, निरंक असा जप सुरू होतो. त्या जपात एखाद्या गावाने खरोखरच काही घडल्याचं कळवलं असेल तर ते वर सरकून गेलेलं असतं. स्मार्ट प्लग हा या व्यवस्थेचा आदर्श कर्मचारी. तो रजा घेत नाही, युनियन करत नाही, आणि 'सविनय सादर' असं न म्हणता दर सेकंदाला सादर करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण काय कळवायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. कारखान्यातून तो जे बरोबर घेऊन आला तेच तो इमानाने करतो.

पण निरंक अहवालाची नुसती टिंगल करणंही बरोबर नाही. त्याचं एक काम खरं आहे: कळवणारा जागेवर आहे हे त्यातून समजतं. महिनाभर ज्या कार्यालयातून निरंकसुद्धा आला नाही तिथे काहीतरी बिघडलं आहे. प्रश्न निरंक हवा की नको असा नाही, किती वेळाने हवा असा आहे. आणि गंमत म्हणजे हे ठरवायची सोय प्लगमध्ये आधीपासून आहे. आपण ती उघडून पाहत नाही. झिगबीच्या बऱ्याचशा प्लगना तीन गोष्टी सांगता येतात. एक, काहीही झालं तरी इतक्या सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही. दोन, काहीही झालं नाही तरी इतक्या वेळाने एकदा निरंक पाठवायचा. तीन, मधल्या काळात आकडा इतक्याने हलला तरच कळवायचं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण तिच्यात घरमालकाला आयुष्यात पहिल्यांदा ठरवावं लागतं की आपल्याला नक्की कशाशी कर्तव्य आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की बंद झाला एवढंच समजायचं असेल तर ३० वॅटचा फरक पुरतो. त्या आतली सगळी थरथर ही फ्रिजची खाजगी बाब आहे. काही स्वस्त प्लगांत ही तीन बटणं नसतातच. असा प्लग वाईट म्हणून फेकू नये. मोजमाप बंद करता आलं तर ते बंद करून त्याला दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावावा, तिथे चालू-बंदच्या पलीकडे कोणाला काही जाणून घ्यायचं नसतं.

या तिसऱ्या बटणात काही सापळे आहेत आणि हुशार माणसं त्यांत आधी अडकतात. पहिला सापळा टक्केवारीचा. काही प्लगमध्ये फरक टक्क्यांत सांगायचा असतो, आणि दहा टक्के हा आकडा सगळ्यांना समंजस वाटतो. २००० वॅटच्या गिझरला तो समंजसच आहे. २०० वॅटने हललं तरच गिझर बोलेल. तोच नियम मोबाईलच्या चार्जरला लावा. फोन भरत आला, चार्जर ३ वॅटवर आला. त्याचे दहा टक्के म्हणजे ०.३ वॅट. आता रात्रभर तो ०.३ वॅटने वर, ०.३ वॅटने खाली करत राहणार आणि दर वेळी हबला उठवणार. घरातलं सगळ्यात फुटकळ उपकरण सगळ्यात मोठा अहवाल सादर करतं, हे काही फक्त विजेतच घडतं असं नाही, पण तूर्त विजेपुरतंच बोलू. दुसरा सापळा व्होल्टेजचा. कागदावर आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. प्रत्यक्षात शेतीपंप सुरू झाले की ते खाली बसतात, बंद झाले की उसळतात, आणि डीपी लांब असेल तर सायंकाळी ट्यूब लागायची की नाही हे तिच्या मर्जीवर. जिथे वीज स्थिर आहे तिथल्या कारखान्याने 'अर्धा व्होल्ट हलला तर कळवा' असं ठरवून पाठवलेला प्लग मराठवाड्यातल्या फीडरवर लावला, की तो हबला जे सांगत राहतो ते गावाला डोळ्यांनी दिसतच असतं. एका घरातले वीस प्लग बहुतेक एकाच फेजवर लटकलेले असतात, म्हणजे तीच बातमी वीस तोंडांनी येते. व्होल्टेज एकानेच सांगावं आणि बाकीच्या एकोणीस जणांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा. विश्वास ठेवायचा नसेल तर घरातल्या वायरिंगला वायरमन दाखवावा, हब नव्हे.

यावर पैसेवाला आक्षेप असा की एवढी कटकट कशाला, मोठा हब घ्या. मोठ्या हबने थोडा फरक पडतो हे नाकारत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मेमरी कार्डवर होम असिस्टंट ही घर सांभाळणारी प्रणाली चालवणाऱ्या माणसाला हे कळतं, कारण प्रत्येक फुटकळ वॅटची नोंद त्या कार्डावर कोरली जाते आणि एके दिवशी कार्ड हात टेकतं. ती प्रणाली मुळात दहा दिवसांपलीकडची तपशीलवार नोंद आपणहून पुसते. बनवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव माहीत असावा. पण हब कितीही मोठा आणला तरी हवा तेवढीच राहते. एका वेळी एकानेच बोलायचं हा नियम डब्याच्या किमतीने बदलत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाची इमारत तिप्पट केली तरी निरंक अहवाल कमी होत नाहीत. उलट जागा झाली म्हणून दोन नवे तक्ते निघतात. मोठा हब आणणारा माणूस पुढच्या महिन्यात चाळीस प्लगांवर जातो, हे त्याच्या पत्नीने आधीच ओळखलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपण कमी वेळा विचारलं आणि नेमकी महत्त्वाची वीज निसटली तर? या भीतीचं उत्तर युनिटच्या आकड्यात आहे. वॅट हा क्षणाचा आकडा आहे, युनिट हा साठत जाणारा. प्लग आपल्या पोटात युनिट मोजतच असतो, तुम्ही ऐकत असा वा नसा. दिवसातून एकदा विचारलं तरी त्या दिवसाचं एक शतांश युनिटही बुडत नाही. ओसरीवरच्या मीटरमधली ती तांबडी खूण असलेली चकती आठवा. ती महिनाभर फिरायची, रीडिंगवाला एकदा यायचा, आणि तरी वापरलेल्या विजेचा एक पैसा कधी सुटल्याची तक्रार वीज मंडळाने केली नाही. आताचे स्मार्ट मीटरही, ज्यांच्यावरून २०२४ मध्ये महाराष्ट्रात एवढा गदारोळ झाला, वापराची नोंद पंधरा मिनिटं किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी करतात. घरगुती ग्राहकाला दिवसा ९ ते ५ या वेळातल्या वापरावर सवलत देण्यासाठी तेवढी बारकाई पुरते. ज्या कंपनीला आपल्याकडून पैसे घ्यायचे आहेत तिचं काम पंधरा मिनिटांत भागतं. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला मात्र सेकंदाचा हिशेब हवा असतो.

आता हिंगोलीवरच हक्क सांगणारा आक्षेप. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडिया उभं राहत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेले २६०० कोटी रुपये, आणि काम काय तर अवकाशातून आलेल्या गुरुत्वीय लहरीने त्या भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजाराव्या भागाने बदलली की ओळखायचं. अमेरिकेतल्या त्याच्या थोरल्या बहिणी मुख्य मोजमाप सेकंदाला १६,३८४ वेळा टिपतात, शिवाय जमिनीची थरथर, वारा, तापमान, विजेची गुणगुण अशा गोष्टींवर दोन लाखांहून जास्त वाहिन्या लक्ष ठेवून असतात. जिल्ह्यातलं सगळ्यात शहाणं यंत्र एवढं ऐकणार असेल, तर हिंजवडीतल्या मुलाने आईच्या गिझरचं सेकंदासेकंदाला ऐकलं म्हणून काय बिघडलं? बिघडलं ते असं. लायगो सगळं टिपतं, पण सगळं कळवत नाही. टिपणं हे तारेवरचं आणि साठवणीचं काम आहे, आणि त्यासाठी त्याच्याकडे संगणकांच्या खोल्या आणि जगभरचे शास्त्रज्ञ आहेत. कळवण्याची पायरी भलतीच उंच आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली ती जेमतेम ०.२ सेकंदाची. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड, या दोन्ही ठिकाणी काही मिलिसेकंदांच्या अंतराने तीच दिसली म्हणून ती लहर मानली, आणि जगाला सांगितलं ते तपासून झाल्यावर, पुढच्या वर्षी ११ फेब्रुवारीला. २०१५ ते २०२० मधल्या तीन निरीक्षण-फेऱ्यांत, इटलीतल्या व्हर्गोसह, एकूण ९० घटना नोंदल्या गेल्या. सेकंदाला सोळा हजार मोजमापं आणि वर्षानुवर्षांच्या कष्टातून ९० बातम्या. आपल्या प्लगने यातला नेमका दुसरा आकडा शिकायचा आहे आणि आपण त्याला पहिला शिकवतो.

शिवाय त्या दोन लाख वाहिन्या आहेत त्या मुख्यतः कशावर विश्वास ठेवू नये हे कळण्यासाठी. हॅनफर्डला २०१७ च्या उन्हाळ्यात मोजमापात विचित्र ठोके उमटू लागले. शोध घेतल्यावर कळलं की डोमकावळे थंड पाइपवर जमलेल्या बर्फाला चोची मारत होते. अमेरिकेतल्या यंत्रांच्या नोंदींत तिथल्या विजेची ६० हर्ट्‌झची गुणगुण सतत असते आणि ती वेगळी काढावी लागते. दुधाळ्याला तीच ५० हर्ट्‌झची असेल, म्हणजे महावितरणचा आवाज कृष्णविवरांच्या टकरीइतक्याच काळजीने ऐकला जाणार आणि मग काळजीनेच बाजूला ठेवला जाणार. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराला जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांची जुनी ओळख आहे, आणि २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के जिल्ह्याने अनुभवले. तिथल्या माणसाला कोणता हादरा सांगायचा आणि कोणता गिळायचा याची पायरी अनुभवाने ठरलेली असते, ४.५ ला तो अंगणात येतो, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेल्यावर येत नाही. प्लगला ही अक्कल जन्मजात नाही, पण एका आकड्याने देता येते.

शेतकऱ्याने तर ही अक्कल केव्हाच वापरली आहे. पंपाला थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळे मोबाईलवर चालणारे स्टार्टर मराठवाड्यात पसरले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' यातलं नावाजलेलं. फोनवरून पंप चालू करायचा, बंद करायचा, वीज आहे का ते बघायचं, आणि बांधावर जायची रात्रीची पायपीट वाचवायची. या व्यवस्थेत शेतकरी स्टार्टरला कधी विचारत नाही की आत्ता किती व्होल्ट, आणि आता किती. त्याला तीनच बातम्या हव्या असतात: लाईट आली, मोटार चालू झाली, मोटार अडली. एका मिस्ड कॉलमध्ये मावेल एवढाच अहवाल, तोही फुकटात. सात-आठ अश्वशक्तीची मोटार आणि एकरभर हळद ज्या तीन बातम्यांवर चालते, तिथे ९ वॅटच्या एलईडीसाठी मिनिटाला साठ निरोप मागणाऱ्या सुशिक्षिताने थोडी लाज बाळगायला हरकत नाही.

मग मोजायचंच कशाला, असा चौथा आक्षेप, आणि तो मला निम्मा मान्य आहे. गिझर थर्मोस्टॅटवर चालतो. तो एकतर पूर्ण २००० वॅट घेतो किंवा काहीच घेत नाही, आणि हे त्याच्या अंगावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्याचं वॅटमीटर म्हणजे दोन आणि दोन किती हे रोज नव्याने विचारणं. जुना फ्रिज किंवा उन्हाळ्यातला एसी मोजण्यासारखा आहे, पण तो आठवडाभर मोजला की त्याचा स्वभाव कळतो; नंतर मोजमाप आवरतं घ्यावं. काहींच्या मते सतत मोजणं सुरक्षेसाठी हवं, १६ अँपिअरच्या प्लगवर कोणी जास्त ओढलं तर हबने बंद करावं. हे ऐकून एमसीबीलाही वाईट वाटेल. ज्या हबला बेडरूमचा दिवा वेळेवर लावता येत नाही, त्याच्या भरवशावर आग रोखणं ठेवू नये; ते काम भिंतीतल्या एमसीबीचं आणि प्लगमधल्या स्वतःच्या कटऑफचं. मोजणाऱ्यांनी मोजण्याचाही खर्च मोजावा. प्रत्येक प्लग स्वतः वॅटभर खातो असं धरलं तर वीस प्लग दिवसाला जवळजवळ अर्धं युनिट, महिन्याला चौदा युनिट खाणार. त्या चौदा युनिटांचा अहवाल कोणता प्लग सादर करतो, तर कोणताच नाही. स्वतःच्या प्रवासभत्त्याची तपासणी करणारा अधिकारी अजून कुठल्या यंत्रातही निघालेला नाही.

राहिला एक प्रसंग, तो आपल्याकडे रोजचा. वीज जाते. तासाभराने येते. त्या क्षणी वीसही प्लग एकदम जागे होतात, हबकडे हजेरी लावतात, चालू की बंद ते कळवतात, चारही आकडे ओततात, आणि हब स्वतः जर इन्व्हर्टरवर नसेल तर तोही त्याच वेळी डोळे चोळत उठत असतो. वरची सगळी बटणं नीट लावली तरी हे पहिलं मिनिट गर्दीचंच जाणार. म्हणून हब इन्व्हर्टरवर ठेवावा, आणि प्लगमध्ये सोय असेल तर वीज आल्यावर गिझर आपणहून चालू होऊ नये असं आधी सांगून ठेवावं. वीज जाण्याची गोष्ट मात्र याहून अवघड. फरकाची पायरी कितीही बारीक लावा, ०.३ वॅट कळवणारा तो प्लग 'लाईट गेली' ही बातमी कधीच देऊ शकत नाही, कारण ती द्यायच्या क्षणी तो स्वतःच गेलेला असतो. हबला ती कळते निरंक न आल्यामुळे, आणि निरंकाची मुदत दहा मिनिटं ठेवली असेल तर दहा मिनिटांनी. हिंजवडीतल्या घड्याळावर ती थरथर पोचायच्या आत इकडे कळमनुरीत शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारून झालेलं असतं, "तुमच्याकडची बी गेली का वो वहिनी?"